सतराखालचा सिंह मोठेपणी जातो कुठे? (आफ्रिकेचा कुमार करंडक)

नेरुळचा नाना | २० एप्रिल २०२५

काल रात्री जागून मोरोक्को-माली फायनल पाहिली. सतरा वर्षांखालच्या पोरांचा आफ्रिका कप. मोहम्मदियाच्या मैदानात दोन्हीकडून गोल नाही, मग पेनल्ट्या, त्यात मोरोक्कोने ४-२ अशी बाजी मारली. यजमान जिंकले, स्टेडियम उसळलं आणि मी आपला मालीच्या पोरांचे पडलेले चेहरे बघत बसलो. बायको म्हणाली, तुझे कोण लागतात ते?

लागतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये हा वयोगटाचा वर्ल्डकप भारतात झाला तेव्हा डी. वाय. पाटील माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. माली पहिल्या दिवशी पॅराग्वेकडून ३-२ हरली, तीन दिवसांनी तुर्कस्तानला ३-० असं लोळवलं. मग २५ तारखेला स्पेनशी सेमीफायनल. माली दोन गोलांनी मागे. डुकुरेने लांबून असा काही हाणला की चेंडू बारला लागून गोलरेषेच्या आत पडला आणि बाहेर आला. आमच्या अख्ख्या स्टँडला दिसलं, पंचांना नाही. ३-१ ने गेले. लोकलमध्ये अनोळखी माणसांशी त्यावर वाशीपर्यंत भांडलो.

तर प्रश्न. हीच माली २०१५ ला नायजरमध्ये आणि २०१७ ला गॅबनमध्ये हा करंडक जिंकली. २०१५ च्या कुमार वर्ल्डकपला उपविजेती, २०२३ ला तिसरी. आणि मोठ्यांची माली? आफ्रिका कप एकदाही नाही, वर्ल्डकपला पात्रसुद्धा नाही. नायजेरियाने सतराखालचा वर्ल्डकप पाच वेळा नेला. घानाने दोनदा, पण त्यांचा मोठ्यांचा शेवटचा आफ्रिका कप १९८२ चा! ही पोरं पुढे जातात कुठे?

---

चिमटा | २० एप्रिल

कुठे जातात म्हणजे? निवृत्त होतात. सतराव्या वर्षी वय तीस असतं ना.

---

अर्धवट | २० एप्रिल

काडी टाकून चिमटा पळाले. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

फातोर्डा स्टँड | २० एप्रिल

नाना, मालीचे इराकला मारलेले पाच गोल आम्ही पाहिले, १७ ऑक्टोबर, फातोर्ड्याला. ५-१. गिनीसुद्धा आमच्याकडे खेळून गेली, कोस्टा रिकाशी २-२. आम्हा गोंयकारांना आफ्रिकी फुटबॉलचं अप्रूप नाही हो, आमच्या क्लबांनी किती वर्षं त्यांच्यावर गोल मोजले. धेंपोचा रँटी मार्टिन्स, चर्चिलचा ओडाफा, दोघेही नायजेरियन. मडगावात ओडाफा मासळी बाजारात दिसला तर लोक इसवणाचा भाव विसरायचे.

बाकी चिमटा म्हणतात तो संशय स्टँडमध्येही होता. माझ्या शेजारचे पात्रांव (म्हणजे शेठ) प्रत्येक गोलानंतर म्हणत होते, "हाका दोन भुरगीं आसतलीं." (याला दोन पोरं असतील.) तेच पात्रांव शेवटी उभं राहून टाळ्या वाजवत होते, तेही सांगितलं पाहिजे.

---

चिमटा | २० एप्रिल

पळालो नाही. विनोद बाजूला ठेवून सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये कॅमेरूनच्या सतराखालच्या शिबिरात एमआरआय झाला, ३० पैकी २१ मुलं बाद. संघटनेच्या अध्यक्षपदी खुद्द त्यांचा जुना स्टार खेळाडू सॅम्युएल एटो. २०१९ च्या स्पर्धेत गिनी फायनलला पोचली, नंतर कळलं की दोन खेळाडूंच्या जन्मतारखा आधी जपानमधल्या एका स्पर्धेत वेगळ्या नोंदल्या होत्या. गिनीची वर्ल्डकपची जागा गेली, सेनेगल गेलं ब्राझीलला. त्याहून मागे जायचं तर १९८८ च्या ऑलिम्पिकमधल्या तारखा जुळेनात म्हणून फिफाने नायजेरियावर कुमार फुटबॉलची बंदी घातली होती. धूर उगाच निघत नाही.

---

हाडवैद्यीण | २१ एप्रिल

रोज मनगटं बघून पोट भरते, म्हणून दोन शब्द.

एमआरआय डाव्या मनगटाचा करतात. रेडियस हे हाड जिथे मनगटाला मिळतं तिथे लहानपणी एक कूर्चेची चकती असते, वाढ तिथून होते. वय वाढलं की ती हळूहळू हाड बनते आणि रेषा पुसली जाते. मुलग्यांमध्ये ती सतराच्या आत पूर्ण पुसली जाणं फार विरळा. म्हणून पूर्ण जुळलेली दिसली की मुलगा बाद. एक्स-रे न काढण्याचं कारण, धडधाकट पोरावर नुसतं वय बघायला किरणांचा मारा का करायचा? फिफाने २००९ च्या सतराखालच्या वर्ल्डकपपासून ही चाचणी आणली.

आता चिमटा, गोम ऐका. ही चाचणी वय सांगत नाही, "हा बहुधा सतराच्या पुढचा" इतकंच सांगते. अठराच्या मुलाची चकती थोडी उघडी असली तर तो आरामात पास. उलट एखादा खरोखर साडेसोळाचा, लवकर वाढलेला, तो नापास. त्याच्या घरी जाऊन कोणी सांगायचं की तुझी आई खोटं बोलत नव्हती, तुझं हाड घाईत होतं? कॅमेरूनचे २१ च्या २१ लबाड होते असं एमआरआय म्हणत नाही. तिथे "लबाड" हा शब्द आपण लिहितो.

---

अर्धवट | २१ एप्रिल

"हाड घाईत होतं". दंडवत. पॉपकॉर्न खाली ठेवले.

---

निवृत्त हेडमास्तर | २१ एप्रिल

फुटबॉलमधलं मला काही कळत नाही. नातू बघतो म्हणून शेजारी बसतो. पण जन्मतारखेवर बोलायचा अधिकार आहे, कारण निदान चारशे तारखा मी स्वतः जन्माला घातल्या आहेत.

सत्तरच्या दशकात मराठवाड्यातल्या एका खेड्यात शाळेवर होतो. जून उजाडला की पोरगं बखोटीला धरून बाप यायचा. "गुर्जी, घ्या नाव." जन्म कधीचा? "मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली, पोळ्याच्या आसपास." सरकारी रकान्यात पोळा चालत नाही. मग दात बघायचे, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का बघायचं आणि लिहायचं १ जून. एका वर्गात माझ्याकडे एकोणीस पोरं १ जूनची होती. त्यातलं कोणी लबाड नव्हतं, आणि बहुतेकांचं खरं वय कागदापेक्षा जास्तच होतं. पुढे नोकरीत त्यांना त्याचा फायदा झाला, तो भाग निराळा.

तेव्हा मालीच्या किंवा गिनीच्या खेड्यातल्या बापाला हसण्याआधी आपापल्या वडिलांचं आधार कार्ड बघावं.

---

तिरकस | २१ एप्रिल

बघितलं. १ जून. काकांचं बघितलं. १ जून. सासरे: १ जून. गप्प बसतो.

---

पेठकर | २१ एप्रिल

मास्तर, एक नंबर! आमच्या कोल्हापुरात बी तसंच. पण फुटबॉलचं बोलूया की राव. इथं पेठेत पोरगं चालाय लागलं की बॉल पायात. पाटाकडील-दिलबहार मॅच असली की शाहू स्टेडियमवर मुंगीला जागा न्हाई. आफ्रिकेचं प्लेअर आमच्या तालमींनीबी आणल्यात, त्यांची ताकद बघितलीया. पण ताकदीनं सगळं होत न्हाई भावा. माझा चुलतभाऊ पंधरा वर्षाचा असताना अंगानं बैल हुता, समोरची पोरं उडून जायची. अठराला सगळी पोरं त्याच्याएवढी झाली आणि ह्याला पासच देता येईना. आता दूध डेअरीत हाय.

नानांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर ह्यात हाय असं मला वाटतंय. आणि २०१७ च्या आपल्या टीमात आमचा अनिकेत जाधव हुता, हे कुणी लिहिलं न्हाई म्हणून लिहितो.

---

फातोर्डा स्टँड | २१ एप्रिल

त्याच टीमला दिल्लीत घानाने ४-० केलं, हेही कोणी लिहिलं नव्हतं.

---

पेठकर | २१ एप्रिल

जखमेवर मीठ चोळाय आलाय व्हय?

---

दारेसलामकरीण | २२ एप्रिल

दोन दिवस नुसतं वाचत होते, आता राहवेना. २०१९ ची स्पर्धा आमच्या गावात, दार-ए-सलाममध्ये झाली. ऑफिसातली सगळी मंडळी सेरेंगेटी बॉईजच्या, म्हणजे टांझानियाच्या पोरांच्या, पहिल्या सामन्याला गेली आणि मला ओढून नेलं. समोर नायजेरिया. हातात तिखट-मीठ लावलेला भाजका मिहोगो (आपला साबुदाणा ज्याचा होतो तो कंद), गळ्यात निळा-पिवळा स्कार्फ. मला वाटलं तास-दीड तास बसू आणि येऊ. सामना झाला ५-४! टांझानिया हरलं, पण माझा आवाज तीन दिवस गेला. पुढचे दोन सामनेही यजमान हरले आणि गटातच संपले. तरी मिहोगोवाल्याचं म्हणणं एकच, "नायजेरियाला चार मारले, चार."

मला तिथे लक्षात राहिली ती वेगळीच गोष्ट. व्हीआयपी स्टँडच्या खालच्या रांगेत पाच-सहा गोरे वहीत लिहीत बसले होते. त्यांना कोण जिंकतंय याचं सोयरसुतक नव्हतं. गोल झाला तरी मान वर नाही, पण एखाद्या पोराने छातीवर चेंडू घेऊन वळण घेतलं की पेन चालायचं. शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "दादा, हा बाजार आहे. सामना तुमच्या-आमच्यासाठी." (स्वाहिलीत दादा म्हणजे ताई, गैरसमज नसावा.)

नाना, पोरं तिथे जातात.

---

आकडेमोड | २२ एप्रिल

ताईंच्या प्रतिसादाला बाडिस (म्हणजे सहमत). थोडी भर.

फिफाच्या नियमाने अठराच्या आत परदेशी क्लबात जाता येत नाही, अपवाद मोजके. म्हणजे सोळा-सतराला ही स्पर्धा, अठराव्या वाढदिवसाला विमान. मधली दोन वर्षं महत्त्वाची. ज्यांच्याकडे अकादमी आहे त्यांची पोरं टिकतात. डाकारजवळची जेनेरासिओं फूट फ्रान्सच्या मेत्झ क्लबशी बांधलेली आहे, सादिओ माने तिथला. घानाच्या राइट टु ड्रीममधून कुदुस आला. आबिजानच्या आसेक क्लबच्या अकादमीने तर कोलो आणि याया हे तुरे भाऊ, जर्विन्हो, कालू असे ढिगाने दिले. बाकीच्यांच्या हाती एजंट, एक करार आणि पूर्व युरोपातल्या कुठल्यातरी दुसऱ्या श्रेणीच्या क्लबची थंडी.

आता नानांचं एक गृहीतकच मला पटत नाही. "मोठेपणी गायब होतात" हे खरं आहे का? ओसिमेन बघा. २०१५ ला नायजेरिया सतराखालच्या आफ्रिका कपात चौथी आली. त्याच वर्षी चिलीत वर्ल्डकप जिंकली, फायनलला समोर नानांची मालीच होती, २-०. ओसिमेनचे स्पर्धेत १० गोल. लहानपणी लागोसच्या ट्रॅफिकमध्ये पाण्याच्या पिशव्या विकणारा पोरगा, २०२३ ला नापोलीला इटलीची लीग जिंकून देतो, त्या मोसमात लीगमध्ये २६ गोल. मालीचा तुमचा तो डुकुरे पुढे क्रिस्टल पॅलेसला गेला. खेळाडू गायब होत नाहीत. संघ गायब होतो.

---

चिमटा | २२ एप्रिल

संघ गायब होतो म्हणजे नक्की काय?

---

आकडेमोड | २२ एप्रिल

म्हणजे अकरा जण अकरा देशांत. वर्षातून चार-पाच वेळा विमानाने यायचं, दोन दिवस सराव करायचा, संघटनेत बोनसवरून भांडण चालू असताना खेळायचं. सतराव्या वर्षी तीच पोरं सहा-सहा महिने एका शिबिरात, एका खोलीत. कुमार संघ खऱ्या अर्थाने संघ असतो. त्यात कांतेसारखे आहेतच, आईवडील मालीचे आणि वर्ल्डकप जिंकला फ्रान्सकडून.

आणि उलट उदाहरण सेनेगल. फेब्रुवारी २०२२ ला मोठ्यांचा आफ्रिका कप, २०२३ च्या फेब्रुवारीत देशी लीगवाल्यांचा चॅन, मार्चमध्ये वीसखालचा, मेमध्ये अल्जीरियात सतराखालचा, फायनलला मोरोक्कोला २-१. एकाच वेळी चारही त्यांच्या कपाटात. अपघाताने होत नाही हे.

---

अर्धवट | २२ एप्रिल

त्या २०२३ च्या सेनेगलमधला अमारा दियुफ, ५ गोल, स्पर्धेचा सर्वाधिक, वय वर्षं १४. चिमटा, याचं काय म्हणणं? चौदा म्हणजे सव्वीस का?

---

चिमटा | २२ एप्रिल

मी आजपासून मनगटांवर बोलणार नाही.

---

हाडवैद्यीण | २२ एप्रिल

हा धागा वाचून एक माणूस बरा झाला. फी घेणार नाही.

---

लेकीची आई | २३ एप्रिल

मुलींचं कोणीच बोलत नाहीये म्हणून. ऑक्टोबर २०२२ ला मुलींचा सतराखालचा वर्ल्डकप भारतात होता. लेकीला घेऊन नेरुळला नायजेरिया-जर्मनी बघायला गेले, तिसऱ्या क्रमांकाचा सामना. नायजेरिया ३-० पुढे. लेक म्हणाली चल वडापाव खाऊ, संपलं. परत येईपर्यंत जर्मनीने फेडायला सुरुवात केलेली, शेवटी ३-३! पेनल्टीत नायजेरिया जिंकली. टांझानियाच्या मुलीही क्वार्टर फायनलला पोचल्या होत्या, गोव्यात कोलंबियाकडून हरल्या. पण मुलींचा आफ्रिकेत या वयाचा करंडकच नाही, नुसते पात्रता सामने, एक घरी, एक बाहेर. मुलींनाही मनगट दाखवायला लागतं का हो डॉक्टरीणबाई?

---

हाडवैद्यीण | २३ एप्रिल

नाही. मुलींची चकती लवकर बंद होते, त्यामुळे सतराची रेघ त्यावरून ओढता येत नाही.

---

दारेसलामकरीण | २३ एप्रिल

टांझानियाच्या मुलींचा उल्लेख केल्याबद्दल आसांते साना. इथे त्या दिवशी ऑफिसात काम झालं नव्हतं.

---

पेठकर | २३ एप्रिल

वडापाव खायला गेलं की गोल हुतोय, हा नियम जगभर हाय. आमी मॅचला भडंग घिऊनच बसतो.

---

व्यवस्थापक | २४ एप्रिल

भडंग विरुद्ध मिहोगो यावरचे सात प्रतिसाद पाककृती विभागात हलवले आहेत.

---

तिरकस | १ जून

या धाग्यावरच्या समस्त सभासदांना, त्यांच्या वडिलांना, काकांना आणि सासऱ्यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

---

निवृत्त हेडमास्तर | १ जून

चारशे लेकरांतर्फे आभारी आहे. माझाही आजच.

---

नेरुळचा नाना | २३ नोव्हेंबर

धागा वर काढतोय. एप्रिलमध्ये प्रश्न टाकला तेव्हा उत्तर इतक्या लवकर समोर येईल असं वाटलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये मोरोक्कोने चिलीत वीसखालचा वर्ल्डकप जिंकला, अर्जेंटिनाला २-० हरवून, दोन्ही गोल झबिरीचे. या महिन्यात कतारमध्ये त्यांच्या सतराखालच्यांनी न्यू कॅलेडोनियाला १६-० (बिचारे), आणि बाद फेरीत पुन्हा आमची माली समोर, ३-२. एका वर्षात दोनदा! ब्राझीलने त्यांना थांबवलं तेव्हा मला आनंद झाला नाही असं म्हणणार नाही.

पण आकडेमोड, तुमचं खरं. मोरोक्कोने राजाच्या नावाची अकादमी पंधरा वर्षांपूर्वी बांधली, एन-नेसिरी, अगेर्द, ऊनाही त्यातून निघाले, २०२२ च्या वर्ल्डकपला सेमीफायनल गाठली आणि आता खालून पुढची पंगत वाढून तयार आहे. मालीत पोरं तेवढीच गुणी आहेत. पंगत मात्र दर वेळी दुसऱ्याच्या घरी.

---

दोहाकर | २३ नोव्हेंबर

नाना, मी बघितले की सामने! सगळे एकाच आवारात, अस्पायरला. एका मैदानातून निघायचं, पाणी प्यायचं, दुसऱ्या मैदानात शिरायचं, लहानपणीच्या शिवाजी पार्कसारखं. या वेळी ४८ संघ, त्यात १० आफ्रिकेचे. बुर्किना फासोवाले क्वार्टरपर्यंत गेले, त्यांचे ढोल अजून कानात आहेत. आता दरवर्षी ही स्पर्धा आहे, २०२९ पर्यंत इथेच. या कोणीही, गादी टाकून देतो.

---

चिमटा | २४ नोव्हेंबर

दरवर्षी म्हणजे आफ्रिकेतली पात्रताही दरवर्षी, आणि मनगटंही दरवर्षी. (हे विधान वैद्यकीय नाही.)

---

फातोर्डा स्टँड | २४ नोव्हेंबर

चिलीच्या फायनलमधली एक गंमत कोणी पाहिली का? प्रशिक्षकाला हिरवं कार्ड दाखवून फेरतपासणी मागता येत होती. अर्जेंटिनाचा गोली झबिरीवर आदळला, पंचांनी काही दिलं नाही. मोरोक्कोच्या प्रशिक्षकाने कार्ड काढलं, पंच स्क्रीनवर बघून आले, फ्री किक, आणि त्यावरच पहिला गोल.

---

नेरुळचा नाना | २४ नोव्हेंबर

पाहिली. तेव्हापासून एकच विचार, २५ ऑक्टोबर २०१७ ला मालीच्या बाकावर असं एक कार्ड असतं तर...

---

पेठकर | २४ नोव्हेंबर

नाना, आठ वर्सं झाली, तुम्ही अजून त्या बारखालीच हुबा हाय व्हय!